तिजोरी उघडायला लागणारा वेळ

काळापुढे कुठलंही कुलूप टिकत नाही, असं सुरतेच्या हिरेबाजारात फार गंभीरपणे सांगतात. सांगणाऱ्याच्या कुलपाची किल्ली त्या वेळी त्याच्या स्वतःच्या खिशात असते, एवढंच.

विरेन कोठारीच्या खिशात किल्ली नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, कारण गोपीपुऱ्यातल्या त्याच्या घरची तिजोरी किल्लीची नव्हतीच. ती छातीएवढी उंच होती, रंग शेवाळी, आणि दारावर पितळेची गोल चकती. चकतीवर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत खुणा. तीन आकडे ठरलेल्या क्रमाने लावायचे: डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग मूठ दाबायची. ते तीन आकडे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि त्या माणसाने मंगळवारी सकाळी जग सोडलं होतं.

सोडलं म्हणजे वारला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडच्या साधूंच्या उपाश्रयात बसला होता.

सेवंतीलाल कोठारींनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दीक्षा घेतली. वरघोड्याची मिरवणूक निघाली, बँड वाजला. सेवंतीलालनी रथातून दोन्ही हातांनी नाणी, तांदूळ, कपडे उधळले. मनगटावरचं घड्याळ काढून गर्दीत फेकलं. पेन फेकलं. मग केस गेले, चपला गेल्या, नावही गेलं, आणि दुपारपर्यंत त्यांचे मुनी संवेगरत्नविजयजी झाले. विरेन रडला, त्याची बायको भाविनी रडली, जैन संघाचे प्रमुख अमुलखभाईही रडले. अमुलखभाई प्रत्येक दीक्षेला रडत. विरेनच्या आई, बा, तेवढ्या रडल्या नाहीत. घरी आल्या, हातपाय धुतले आणि भिंतीतल्या देरासरासमोर, घरच्या देवघरासमोर, जाऊन उभ्या राहिल्या.

संगमरवरी कोनाडा रिकामा होता.

तिथे पार्श्वनाथांची बोटभर उंचीची पंचधातूची मूर्ती असायची. चार पिढ्यांपूर्वी ती पालनपूरहून सुरतेला आली, ती कोठाऱ्यांच्या आधी आगगाडीच्या डब्यात बसली होती असं घरात सांगत.

"घाबरू नकोस," बा म्हणाल्या. "माणसं जमणार असली की तुझे पप्पा... साहेबजी भगवानांना तिजोरीत ठेवतात. आज पहाटेसुद्धा चकती फिरवताना मी पाहिलं त्यांना."

"आकडा काय आहे, बा?"

"मला विचारतोस? अठ्ठेचाळीस वर्षांत मला आत दागिने ठेवायला दिलेत. आकडा नाही दिला."

त्या अठ्ठेचाळीस वर्षांतच खरी अडचण होती. सासरी आल्या दिवशी बांनी नियम घेतला होता, घरच्या भगवानांची पूजा केल्याशिवाय तोंडात अन्न घ्यायचं नाही. आजवर तो मोडला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही, पालनपूरला लग्नाला जायचं असलं तर मूर्ती मांडीवर घेऊन जात. आता बा अडुसष्ट वर्षांच्या होत्या, रोज साखरेची गोळी घेत होत्या, आणि नियम तिजोरीत अडकला होता.

"तोवर उपवास. निर्जळी चोविहार नको, उकळलेलं पाणी चालेल," बा म्हणाल्या. "तू काढ दार. घाई नाही."

घाई नाही हे वाक्य विरेनला जन्मापासून मानवलं नव्हतं. त्याचे वडील खिडकीशी बसून एकेक पुडी तासन्‌तास निवडत, हिरा चिमट्यात धरून दोनदा श्वास घेत. विरेन दलालीत पडला कारण तिथे उभ्याने काम होतं. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारातल्या रस्त्यावर तो दिवसभर या पायावरून त्या पायावर होत असे.

पहिल्या दिवशी त्याने धर्माने सुरुवात केली. चोवीस तीर्थंकर, चौदा स्वप्नं, नवकाराची अडुसष्ट अक्षरं. चोवीस, चौदा, अडुसष्ट. नाही. पंचेचाळीस आगम, बारा व्रतं, नऊ पदं. नाही. उलट क्रमाने, नाही. एकशेआठ लावायला गेला तर चकती नव्व्याण्णवला संपत होती. मग स्वतःची जन्मतारीख, बहिणीची, आईवडिलांच्या लग्नाची. नंतर जुन्या स्कूटरचा नंबर. तिजोरी ढिम्म.

दुसऱ्या दिवशी लालगेटवरून गुलाम मिस्त्री आले. त्यांनी दाराला कान लावला, मूठ हलवली, बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "ही कंपनी बुडून तीस वर्षं झाली. तिजोरी चांगली आहे. आता आत ड्रिल घालायचं."

"किती वेळ?"

"आत आहे काय त्यावर. सोनं, कागद, काच?"

"भगवान," आतल्या खोलीतून बा म्हणाल्या.

मिस्त्रींनी पिशवी आवरायला घेतली. "बा, माफ करा. भगवानांच्या अंगावर ठिणग्या मी नाही उडवणार. तुमचे असोत की माझे."

जिन्यावरून उतरताना त्यांनी विरेनला एक गोष्ट मात्र सांगितली. जुन्या चकत्या ढिल्या होतात. खरा आकडा सदतीस असेल तर छत्तीसला किंवा अडतीसलाही तिजोरी उघडते.

विरेनने त्या दुपारी हिऱ्याच्या पुडीच्या निळसर कागदावर गणित मांडलं. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाख. एका वेळेला अर्धं मिनिट. रात्रंदिवस फिरवलं तर तीनशे सत्तेचाळीस दिवस. पण मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे दर तिसरी खूणच धरायची. चौतीस गुणिले चौतीस गुणिले चौतीस. चाळीस हजारांच्याही आत! रात्रंदिवस, दोघं आळीपाळीने, चौदा दिवसांत चकती संपते. त्याने कागद बांना दाखवला. त्याला वाटलं त्या खूश होतील.

"रात्री नाही," बा म्हणाल्या. "आरती, मंगळदिवा झाला की देरासर मंगळीक होतं, बंद. मग भगवानांच्या दाराशी खटपट करायची नाही."

"बा, ते देरासर नाही, तिजोरी आहे."

"भगवान आत आहेत ना? मग देरासर आहे. आणि हे काय घालून बसलास?"

विरेनने अर्धी चड्डी आणि टीशर्ट घातला होता.

"दार उघडलं की समोर भगवान असणार," बा म्हणाल्या. "पारोशा अंगाने, शिवलेल्या कपड्यांत उघडणार आहेस?"

"उघडेल तेव्हा आंघोळ करीन की."

"कधी उघडेल ठाऊक आहे का तुला?"

दहा लाखांपैकी कुठलाही आकडा तो आकडा असू शकत होता. म्हणून विरेन प्रत्येक आकड्याला आंघोळ केलेल्या अंगाने, बिनशिवलेल्या धोतर-उपरण्यात, तोंडावर आठपदरी मुखकोश बांधून बसू लागला. त्या कपड्यांत खायचं नाही, प्यायचं नाही. मध्ये बाथरूमला गेला की पुन्हा आंघोळ, पुन्हा कोरी धोतरजोडी. भाविनीचंही तेच. नवा हिशोब मांडला. सूर्योदय ते सूर्यास्त, आंघोळी वजा करून, दिवसाला दहा तास, बाराशे आकडे. तेहतीस दिवस. एकेक खूण धरली असती तर सव्वादोन वर्षांहून जास्त.

तेहतीस दिवस बा जगणार होत्या का, हे कागदावर कुठेच बसत नव्हतं.

म्हणून तो उपाश्रयात गेला. वडिलांना पहिल्यांदाच खाली बसून वंदन केलं. डोकं तासलेलं, अंगावर पांढरं वस्त्र, समोर पोथी. वडील एकदम लहान दिसत होते.

"धर्मलाभ," मुनी म्हणाले.

"साहेबजी, तिजोरीचा आकडा हवा होता."

मुनींनी मान हलवली. "भाग्यशाळी, घर वोसरावलं, धन वोसरावलं. आकडाही वोसरावला. सोडलेलं पुन्हा कसं उचलू?"

"उचलायचं नाही, नुसतं सांगायचं आहे."

"सांगितलं म्हणजे उचललंच."

"मग मला एकेक करत सगळे आकडे लावावे लागतील. तेहतीस दिवस!"

मुनींचा चेहरा खुलला. लहानपणी विरेनने गणिताचं पुस्तक आणलं की असाच खुलायचा. "तेहतीस दिवसांना भितोस? पल्योपम माहीत आहे ना? एक योजन लांब, एक योजन रुंद, एक योजन खोल खड्डा. नवजात बाळाच्या केसांचे बारीक तुकडे करून त्यात ठासून भरायचे. मग दर शंभर वर्षांनी एक तुकडा काढायचा. खड्डा रिकामा झाला की एक पल्योपम. आत्मा असे कितीतरी पल्योपम भटकतो आहे."

विरेनच्या डोक्यात नकळत गुणाकार सुरू झाला. एका घनइंचात केसांचे तुकडे किती? त्याने स्वतःला आवरलं. "साहेबजी, तुकडे काढायला माणूस एकच का?"

"एकच."

"दोन लावले तर?"

शेजारचे वृद्ध मुनी पोथीआड हसले. वडील हसले नाहीत. "दलाल आहेस," ते म्हणाले, आणि पोथीत परत गेले.

चकती सुरू झाली. शून्य, शून्य, शून्य. शून्य, शून्य, तीन. शून्य, शून्य, सहा. भाविनीचा हात जास्त चपळ होता. ती स्तवन गुणगुणत फिरवायची आणि मूठ दाबताना डोळे मिटायची. विरेन मूठ इतक्या जोराने दाबायचा की तळहाताला घट्टा पडला.

"लग्नात चार फेरे घेतले तेव्हा या फेऱ्यांचं कुणी बोललं नव्हतं," मुखकोशाआडून भाविनी म्हणाली.

"बोलू नकोस, आकडा चुकेल."

"चुकला तर काय, न उघडणारी तिजोरी उघडणार नाही, एवढंच."

"पण तोच असला तर? तो चुकून पुढे गेलो तर तेहतीस दिवस वाया जातील आणि कळणारसुद्धा नाही!"

हे त्याला बोलता बोलताच सुचलं आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. रात्री तो उठून तिजोरीसमोर उभा राहायचा, हात मागे बांधून, कारण रात्री हात लावायचा नव्हता. रस्त्यातल्या गाड्यांचे नंबर त्याला त्रास देऊ लागले. महिधरपुऱ्यात लोक दुरून विचारायचे, "विरेनभाई, कितवर आलं?" दोघातिघांनी दिवसावर पैज लावल्याचं त्याच्या कानावर आलं. त्यातल्या एकाने फोन करून विचारलंही, "गुरुवारच्या आधी उघडणार नाही ना?"

बा मात्र शांत होत्या. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या मोठ्या देरासरात जायच्या, तिथल्या मूलनायकांच्या मोठ्या मूर्तीपासून फळीवरच्या छोट्या धातूच्या मूर्तींपर्यंत सगळ्यांना चंदनाचे टिळे लावून यायच्या. मोतीबिंदूने दिसायचं कमी, पण हात सवयीने चालायचा. "इथले भगवान सगळ्यांचे," त्या म्हणायच्या. "नियम घरच्यांचा आहे."

आठव्या दिवशी नियमाची अठ्ठाई झाली.

आठ उपवास म्हणजे साधी गोष्ट नाही. बायका जमल्या, सांजीची गाणी झाली, बांच्या हातात श्रीफळ आलं. कोणी म्हणेना की हा उपवास तिजोरीमुळे आहे. "शाता आहे ना, कंचनबेन?" अशी खुशाली सगळे विचारत. "देवगुरुपसाय, त्यांची कृपा," बा म्हणत. आतल्या खोलीतून चकतीचा कर्रकर्र आवाज येत होता. गाण्याच्या तालात तो बराच बसला.

अमुलखभाई आत आले आणि दाराशी दोन पावलं लांब उभे राहिले, कारण त्यांची आंघोळ सकाळची होती.

"विरेन, तुझा हिशोब तेहतीस दिवसांचा आहे म्हणे?"

"जास्तीत जास्त. कधीही उघडू शकते."

"कधीही म्हणजे?"

"आत्तासुद्धा."

अमुलखभाई काळजीत पडले. "हे बघ, तीस दिवसांचं मासक्षमण होतं. गोपीपुऱ्यात सात वर्षांत झालेलं नाही. आदाजणच्या संघात गेल्या वर्षी दोन झाली."

"काका, बांची साखर..."

"तपात साखर नियमात येते. तू सुरुवात कुठून केलीस?"

"शून्याकडून."

"छान. सेवंतीभाई मोठ्या आकड्यांचा माणूस. बरोबर चाललंय तुझं." जाताना ते भाविनीला म्हणाले, "बेटा, तू जरा जोरात फिरवतेस. हात दुखेल."

दहाव्या दिवशी सोळा उपवासांच्या पारण्याच्या पत्रिका छापून आल्या. मासक्षमण झालं तर वर चिठ्ठी चिकटवायची सोय ठेवली होती. अकराव्या दिवशी डॉक्टर येऊन साखर मोजून गेले. बाहेर जिन्यावर ते विरेनला म्हणाले, "मीही जैन आहे, म्हणून थांबा असं म्हणवत नाही. पण डॉक्टर म्हणून सांगतो, थांबवा." विरेन परत आत आला, आंघोळ केली आणि चोवीस, शून्य, नऊपासून पुढे लागला.

तेराव्या दिवशी देरासराच्या पायरीवर बांना चक्कर आली. भाविनीने धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. गादीवर झोपवल्यावर बांनी विचारलं, "उघडली?" आणि विरेनच्या हातातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. तो तसाच, धोतर-उपरण्यात, अनवाणी, मुखकोश गळ्यात लोंबकळत, उपाश्रयात गेला. वंदन करायचं विसरला.

"साहेबजी, आकडा नको मला," तो म्हणाला. आवाज चढला होता. बाजूला सामायिकात ध्यान लावून बसलेले दोघं डोळे उघडून बघू लागले. "तुमचा आकडा तुम्हाला लखलाभ. मला एवढंच सांगा, तेरा दिवस घरचे भगवान पूजेविना आहेत. बा उपाशी पडली आहे. याचं पाप कुणाला? मला की तुम्हाला?"

मुनींनी पोथी मिटली.

"पूजेविना?"

"तिजोरीत आहेत ना!"

"तिजोरीत कशाला असतील?" मुनी म्हणाले. "काही कुलपात ठेवून घेतलं असतं तर ही दीक्षा कसली? दीक्षेच्या पहाटे भगवानांना मोठ्या देरासरात देऊन आलो. मफतभाई पुजाऱ्याच्या हातात."

विरेन उभाच राहिला. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू आकडा विचारत होतास. भगवानांचं आज विचारलंस."

"आणि चकती? बांनी पाहिलं तुम्हाला फिरवताना!"

मुनींनी उजवा हात बघितला, मग तो वस्त्रात घेतला.

"सवय," ते म्हणाले. "रिकामी केली, दार लावलं, हात आपोआप फिरला. ती बघत होती हे मला कळलं नाही." मग ते हात जोडता जोडता थांबले. मुनी गृहस्थाला हात जोडत नाहीत, पण क्षमेचे शब्द चालतात. "मिच्छामि दुक्कडम्."

आकडा विचारायचं विरेनच्या लक्षातच राहिलं नाही. तो धावत देरासरात गेला. मफतभाई मोरपिसाची पिंछी घेऊन फळी झाडत होते. विरेनने घरच्या भगवानांचं विचारलं.

"आले ना," ते म्हणाले. "शेठ स्वतः देऊन गेले. मला वाटलं घरच्यांना ठाऊक आहे. ते बघा, डावीकडून पहिले."

चाळीसेक धातूच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या, सगळ्या चंदनाने माखलेल्या, एकसारख्या. डावीकडच्या पहिलीच्या मागे नागाच्या सातव्या फण्याला बारीक चीर होती. ती विरेनने लहानपणी पाडली होती.

"यांना रोज कोण पूजतं?"

"सगळेच. पहिला टिळा रोज तुमच्या बांचा असतो." मफतभाईंनी पिंछी झटकली. "दारातून आलं की तेच पहिले हाताशी लागतात."

घरी अमुलखभाई बसले होते; चक्करची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. विरेनने धापा टाकत सगळं सांगितलं. बांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे माझी पूजा रोज होत होती."

"हो, बा."

"पहिल्या दिवसापासून."

"हो."

"कंचनबेन, नियम राहू दे बाजूला," अमुलखभाई घाईघाईने म्हणाले. "तप ते तप! तेरा झालेत. तीन दिवसांचा प्रश्न. पत्रिका वाटल्या आहेत."

"नियम मोडलाच नाही, तर मी हा उपवास कशाचा करतेय, अमुलखभाई?" बा म्हणाल्या. "मला भूक लागली आहे. भाविनी, सकाळी मूग भिजत टाक. आजचा उपवास घेतलेला आहे, रात्र काय ती जाईल."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर बांनी कोपऱ्यावरच्या देरासरात पूजा केली, डावीकडून पहिल्यांची जरा जास्त वेळ, आणि घरी येऊन त्या विरेनच्या हातून मुगाचं पाणी प्यायल्या. मग सुंठीची पेजेसारखी राब. मग दुपारी, डॉक्टरांनी नको म्हटलेला, अर्धा खाखरा.

विरेनचं मात्र संपलं नव्हतं. चार दिवस तो त्या खोलीतून जाता-येता चकतीकडे बघत होता. शेवटी त्याने गुलाम मिस्त्रींना फोन केला.

"आत आता भगवान नाहीत ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाहीत."

मिस्त्री ड्रिल घेऊन आले. तिजोरीत काहीही नव्हतं. उघडायला पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं चहाची.